सुटी गाडी, जोडलेली गाडी: हलक्या स्पोर्ट्स कारचा घरगुती इतिहास

तत्त्वज्ञानाचा माणूस मोटारीवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. पण मोटारीच्या सांगाड्यावर पहिली गंभीर चर्चा आमच्याच शास्त्रात झाली आहे. मिलिंद राजा नागसेनाकडे आला तेव्हा भन्तेंनी त्याला विचारलं, महाराज, रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी ‘रथ’ हे जुळणीला दिलेलं नाव उरलं. नागपूरच्या श्रोत्यांना हा संवाद मी नव्याने सांगायला नको. आज एवढंच सांगायचं, की नागसेनाने रथ सुटा केला तो बोलण्यात. विसाव्या शतकात काही लोकांनी तो अंगणात, पाना घेऊन सुटा केला, परत जोडला, आणि जोडताना आधीपेक्षा हलका केला. त्या लोकांचा हा इतिहास.

सुरुवात लंडनपासून करू, कारण तिथली कथा सर्वांत स्वच्छ आहे. 1948 मध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या एका तरुणाने जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात तिच्यावर नवं अंग चढवलं. हीच पहिली लोटस. पुढे 1957 मध्ये त्याने लोटस सेव्हन काढली, आणि ही गाडी गिऱ्हाइकाला सुट्या भागांत मिळायची. कारण तांत्रिक नव्हतं, कराचं होतं. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. सरकारची अट अशी, की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. तेव्हा, असं सांगतात, की कंपनीने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या, आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या! 1973 मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही गंमत संपली. पण मधल्या सोळा वर्षांत जोडलेली गाडी स्वतःच दुरुस्त करणाऱ्या मालकांची एक पिढी तयार झाली. ज्याने आस स्वतः बसवली, त्याला आस वाजायला लागली की कुठे वाजते ते कानाने कळतं.

आता एक आकडा लक्षात ठेवा. पहिल्या सेव्हनचं इंजिन सुमारे 40 अश्वशक्तीचं होतं. आपली प्रीमियर पद्मिनी, तिचंही 40. मग एक स्पोर्ट्स कार आणि दुसरी टॅक्सी, असं का? पद्मिनीचं वजन जवळपास 900 किलो, आणि सेव्हनचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. बस, एवढाच फरक. हलक्या स्पोर्ट्स कारचं सगळं शास्त्र या वजाबाकीत आहे. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल. वजन कमी केलं तर ती पळेलही, वळेलही, आणि थांबेलही लवकर. टायर कमी झिजतील ते वेगळंच.

पद्मिनीचं नाव निघालंच आहे, तर तिच्या घराण्याकडे जरा थांबून बघू. कारण हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि तिथे फियाट 1100 बनू लागली. त्या गाडीचं 1089 सीसीचं इंजिन, 68 मिलिमीटरचा बोअर आणि 75 चा स्ट्रोक, हे मुळात 1937 च्या सुमाराचं इटालियन इंजिन. युद्ध संपल्यावर तुरिनमध्ये याच इंजिनाच्या कुळातून चिसितालिया नावाच्या छोट्या, हलक्या रेसिंग गाड्या तयार झाल्या. 1947 च्या मिले मिलिया शर्यतीत नुव्होलारी अशाच एका गाडीत दुसरा आला. चिसितालियाचं 202 मॉडेल न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ठेवलेलं आहे. म्हणजे बघा, एक भाऊ संग्रहालयात गेला, दुसरा दादर स्टेशनबाहेर मीटर पाडून उभा राहिला. दुसरं उदाहरण मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं. इंग्लंडमध्ये त्याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी दोन माणसांची स्पोर्ट्स कार 1962 मध्ये निघाली. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटायचं. अख्खं इंजिन, पुढची चाकं, स्टिअरिंग, सगळं समोर. चाकावर बसून प्लग बदला! घरी काम करणाऱ्यासाठी इतकी सोयीची गाडी आपल्याकडे दुसरी आली नाही.

मग आपल्या हातात साहित्य होतं, तरी हलक्या स्पोर्ट्स कारची परंपरा इथे का उभी राहिली नाही? गरिबी हे सोपं उत्तर झालं, आणि ते अर्धंच खरं आहे. 1953 मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनचा सल्ला मानून ठरवलं, की इथे नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा नाही, गाडी इथेच बनवायला हवी. मुंबईत शिवडीला 1928 पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स 1954 मध्ये गेली. धोरण चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. स्वतः बनवायला शिकायचं तर दार थोडं लावावंच लागतं. पण परिणाम असा झाला, की आधी आलेल्या परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि नवीन फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचं. त्यामुळे आपल्याकडचं घरगुती कौशल्य गाडी जिवंत ठेवण्यात खर्ची पडलं. इंग्रज हौशी माणूस गाडी वेगवान करायला खाली झोपायचा, आपला माणूस ती सोमवारी ऑफिसला पोचावी म्हणून. पाना तोच, हेतू वेगळा.

नागपूरबद्दल बोलायचं तर इथे हात होते. एम्प्रेस मिल 1877 ची, मोतीबागेत रेल्वेचा नॅरोगेजचा कारखाना. जिथे गिरणी आणि रेल्वे, तिथे खराद आणि खरादी असतातच. धरमपेठेतून ‘उद्यम’ मासिक निघायचं, घरच्या घरी वस्तू करायच्या कृती देणारं. म्हणजे हातांबरोबर तसा वाचकही होता. अडचण होती ती हवेची. इटालियन ट्यूनरची पहिली युक्ती म्हणजे हेड घासणं. सिलिंडर हेडचा तळ थोडा उतरवायचा, वरची पोकळी लहान होते, मिश्रण जास्त दाबलं जातं, ताकद वाढते. पण त्या काळचं आपलं पेट्रोल कमी ऑक्टेनचं. जास्त दाबलं की ते ज्योत पोचण्याची वाट न बघता आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. त्यात मे महिन्यातलं 45 अंशांचं नागपूर! इथे तर न छेडलेली गाडीसुद्धा वर्धा रोडवर बंद पडायची, कारण पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढू शकत नाही. उपाय काय? पेट्रोल पंपावर ओलं फडकं. हा उपाय मला कुठल्या मॅन्युअलमध्ये दिसला नाही, पण प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होता. गिल्बर्ट राइलने 1949 मध्ये ‘काय ते माहीत असणं’ आणि ‘कसं ते येणं’ यात फरक केला. वर्षानुवर्षं तो शिकवताना मी पोहण्याचं उदाहरण द्यायचो. ओलं फडकं जास्त चांगलं आहे.

त्याच 1949 साली इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांची पहिली छोटी गाडी तयार झाली. शाळा सातवीपर्यंत. काम 1945 पासून चालू होतं. दोन माणसांची हलकी गाडी. पुढे सत्तरीच्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारित नमुने करत राहिले, आणि ‘मीरा’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. पोलादी स्प्रिंगांऐवजी त्यांनी रबर वापरलं. रबर हलकं, त्याला ग्रीस लागत नाही, आणि भार वाढेल तसं ते जास्त कडक होतं. 1959 च्या ब्रिटिश मिनीतही रबरच होतं. मीरा सुमारे 12,000 रुपयांत देता येईल असा शंकररावांचा हिशेब होता. कारखाना निघाला नाही. शर्यतीची गाडी ती नव्हतीच. पण वजन कमी करून थोड्या ताकदीत काम भागवायचं, हा विचार चॅपमनचा आणि त्यांचा एकच आहे. एकाला करातली फट मिळाली, दुसऱ्याच्या वाट्याला परवान्यांचा काळ आला. माझ्या मते आपल्या औद्योगिक इतिहासातलं हे प्रकरण एका परिच्छेदात संपवण्याजोगं नाही. त्यावर स्वतंत्र पुस्तक हवं, आणि ते इंजिन उघडता येणाऱ्याने लिहावं.

आता कायद्याकडे येतो, कारण प्रश्नोत्तरात तुम्ही विचारणारच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. यावर हौशी लोक फार चिडतात. मी अर्धाच चिडतो. कारण घरगुती सुधारणांमध्ये आपल्याकडे उलटा क्रम मी कायम पाहिला आहे: आधी सायलेन्सर, मग रुंद टायर, मग कार्बोरेटर, आणि ब्रेक? ब्रेक कधीच नाही. खरा क्रम ब्रेक, टायर, सस्पेन्शन, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. जो ब्रेक ऑइल किती वर्षांपूर्वी बदललं ते सांगू शकत नाही, त्याला दुहेरी कार्बोरेटर कशाला? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पाण्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि घाट उतरताना पेडल खाली जातं. रस्त्यावर दुसरी माणसंही असतात, म्हणून कायद्याने विचारायलाच हवं.

पण बदल आणि देखभाल या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीवरही कुलूप लागतंय. टॅपेटचं अंतर फीलर गेजने बघणं, पॉइंट घासणं, जेट फुंकून साफ करणं, हे मालकाचं काम होतं. आजच्या गाडीत बिघाड कुठे आहे ते कळायलाच कंपनीचं यंत्र लागतं. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही म्हणून. प्रकरण अपिलात गेलं. 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. आणि 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर दिला, पण रोज वापरायची नाही, मुळातून बदललेली नसावी. नागसेनाला हा नियम दाखवायला हवा होता! पन्नास वर्षांत कोणती गाडी मूळची राहते? बुश बदलले, पिस्टन बदलले, पत्रा बदलला. तरीही अधिकाऱ्याला चासीचा नंबर पुरतो. तेही एक उत्तर आहे, आणि माझ्या मते वाईट नाही.

हलकी गाडी आज आपल्याकडे खरोखर कोण बनवतं? इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं. सुप्रासारख्या स्पर्धांसाठी ती एका माणसाची छोटी रेसिंग गाडी बनवतात, नळ्यांचा सांगाडा, खर्चाचा हिशेब, सगळं स्वतः. आपल्या नागपूरचीही असतात. तिथे आखणीचा बचाव परीक्षकांसमोर करावा लागतो. मग ब्रेकची परीक्षा: वेग घ्यायचा, पेडल दाबायचं, चारही चाकं एकदम थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर गाडी शर्यतीत उतरत नाही, इंजिन कितीही चांगलं असो. ही गाडी रस्त्यावर नोंदवता येत नाही. स्पर्धा झाली की मुलं ती ट्रकवर चढवतात, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये परत आणतात, आणि पुढच्या वर्षीच्या गाडीसाठी तिचे भाग सुटे करायला घेतात.