बनारसचा दंड आणि फिलाडेल्फियाचं कलम

तारीख 16 ऑगस्ट 1781. तुम्ही बनारसला राजा घाटावर उभे आहात. अमृतराव पेशव्यांनी बांधलेला दगडी घाट शोधू नका, त्याला अजून अवकाश आहे. गंगा पावसाळ्याची, गढूळ आणि फुगलेली. अचानक वरच्या अंगाला, शिवाला घाटाच्या बाजूला, आरडाओरडा उठतो. रामनगरकडून माणसांनी भरलेल्या नावा येताना दिसतात. बनारसचा राजा चेतसिंग याला त्याच्याच वाड्यात कैद करायला ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई गेले होते. त्यांच्या बंदुकांत काडतुसं नाहीत, हे कळेपर्यंत त्यांची कत्तल झालेली असते. राजा पागोट्यांच्या दोराने खिडकीतून उतरून नावेत बसतो आणि पलीकडे निसटतो.

शेजारच्या शास्त्रीबुवांना विचारा, भांडण कशाचं? ते सांगतील, पैशाचं. चेतसिंगाने कंपनीला वर्षाला साडेबावीस लाखांच्या आसपास द्यायचे, जास्त कुणी मागायचे नाहीत, असा 1775 चा करार होता. 1778 पासून कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज वर आणखी पाच लाख मागू लागला. शास्त्रीबुवांना ठाऊक नसलेली गोष्ट तुम्ही त्यांना सांगा. त्या वर्षी फेब्रुवारीत फ्रान्सने अमेरिकन बंडखोरांशी तह केला, इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटलं आणि त्या युद्धाची वसुली काशीच्या राजाकडून सुरू झाली. त्यातच हेस्टिंग्जची पुण्याशी लढाई चालू होती, हैदर अलीशीही. राजाने टाळाटाळ केली म्हणून आता चाळीस-पन्नास लाखांचा दंड उकळायला साहेब जातीने आले आहेत. माधोदासाच्या बागेत उतरले आहेत आणि पाच दिवसांनी रातोरात चुनारला पळणार आहेत.

संमतीशिवाय कर नको, म्हणून तिकडे अमेरिकेत माणसं लढत होती. त्यांना दडपायच्या खर्चाचा एक तुकडा असा इथे येऊन पडला. बनारसच्या राजाची संमती विचारायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

आता सहा वर्षं पुढे चला. पायरी तीच, पण कान फिलाडेल्फियाकडे लावा. 8 सप्टेंबर 1787. दारं बंद करून अमेरिकेची राज्यघटना लिहिणं चाललं आहे. राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढायचं ते कोणत्या अपराधासाठी? मसुद्यात दोनच आहेत, देशद्रोह आणि लाचखोरी. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठतात. एवढ्यावर भागणार नाही, म्हणतात. हेस्टिंग्ज देशद्रोहाचा दोषी नाही, याची आठवण देतात. त्याच वर्षी विलायतच्या कॉमन्स सभेने हेस्टिंग्जवर महाभियोग लावला होता आणि आरोपांत चेतसिंगाचं प्रकरण ठळक होतं. मेसन 'गैरकारभार' हा शब्द सुचवतात. जेम्स मॅडिसन हरकत घेतात: शब्द इतका सैल आहे की अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. मग मेसन 'गंभीर गुन्हे व दुर्वर्तन' असा जुना इंग्रजी शब्दप्रयोग पुढे करतात आणि तो मंजूर होतो. मॉन्टेस्क्यूचं तत्त्वज्ञान, सत्तेने सत्तेला अडवावं, त्या खोलीत ओळखीचं होतं. ते कलमात उतरवताना दाखला मात्र लागला तो गंगाकाठच्या दंडाचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण भारावून जाऊ नका. त्याच कागदात गुलामाची मोजणी पाचांतले तीन अशी आहे. मेसन गुलाम बाळगत. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून त्यांनी शेवटी घटनेवर सहीही केली नाही.

इकडे लंडनला हेस्टिंग्जचा बचाव असा की आशियातल्या राज्यकर्त्याचे अधिकार अमर्यादच असतात. महाभियोग चालवणारा एडमंड बर्क, अमेरिकेशी समेट करा म्हणणारा तोच बर्क, यावर उसळून विचारतो की नीती काय अक्षांश-रेखांशावर ठरते? 1795 मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटतो आणि कंपनी त्याला वर्षाला चार हजार पौंड बांधून देते. चेतसिंग तोवर ग्वाल्हेरला शिंद्यांच्या आश्रयाला असतो.

तिसरी उडी, एकोणिसाव्या शतकाची पहिली वर्षं. आता पायांखाली चिरेबंदी आहे, घाटावर अन्नछत्र चालू आहे. हे अमृतरावांचं काम. 1802 च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुणं घेतलं, तेव्हा कारभार काही काळ यांच्या हाती आला होता. पुढच्या वर्षी इंग्रजांशी समझोता झाला, वर्षाला सात लाखांची नेमणूक ठरली, आणि बुंदेलखंडातली कर्वी व काशी एवढंच जग उरलं. अन्नछत्रात जेवणारा त्यांना दुवा देतो. देईलच. नेमणूक देणाऱ्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न या पंगतीत कुणाला सुचत नाही, पुण्याच्या दरबारातही फारसा सुचला नव्हता.

अमृतराव 1824 मध्ये वारले. मुलगा विनायकराव 1853 मध्ये गेले, तशी नेमणूक बंद झाली. सत्तावन्नच्या उठावाच्या धामधुमीत, 1858 मध्ये, इंग्रज फौजेने कर्वीचा वाडा लुटला. गादीवरचे वारस नारायणराव आणि लहानगे माधवराव. लुटीवर लंडनला खटला मात्र झाला, 1866 मध्ये, नामवंत वकिलांसह. त्यात वाद एवढाच होता, की कोणत्या पलटणीला किती वाटा मिळावा.