रेडिओ-रोपण

रेडिओ-रोपण : संच, मोबाईल किंवा इअरफोन यांपैकी काहीही जवळ न बाळगता रेडिओचे कार्यक्रम ऐकू यावेत म्हणून शरीरात बसवायचे कल्पित उपकरण. त्याच्या जागा म्हणून दाढ, कानामागचे हाड आणि अंतर्कर्ण ही नावे नेहमी घेतली जातात. विज्ञानकथा, संकल्पचित्रे आणि ऐकीव किस्से यांत ते सर्रास भेटते. शस्त्रक्रियागृहात भेटत नाही. प्रत्यक्षातला त्याचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, बहिऱ्या माणसाच्या अंतर्कर्णात बसवायचे श्रवणरोपण. ते खरोखरच रेडिओलहरींवर चालते, पण आकाशवाणीची लहर त्याला कळत नाही.

प्रस्तुत नोंदीत या कल्पनेची तपासणी ऊर्जानगरच्या संदर्भात केली आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. केंद्राचा पहिला २१० मेगावॉटचा संच १९८३ मध्ये सुरू झाला. सर्वांत जुने दोन संच निवृत्त झाल्यावर आणि ५०० मेगावॉटचे दोन नवे संच आल्यावर क्षमता २,९२० मेगावॉट झाली. एवढी वीज, एवढा आवाज आणि कुंपणापलीकडे जंगल, असे एकत्र असलेले ठिकाण रेडिओ ऐकू पाहणाऱ्या शरीरासाठी चांगलेच अवघड आहे. याच जिल्ह्यात ताडोब्याच्या काही वाघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातलेली असते. तो पट्टा वाघाचा ठावठिकाणा कळवतो, वाघाला काही ऐकवत नाही. म्हणून तो या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतो.

शरीराला काय कमी पडते : रेडिओलहरी अंगातून सतत आरपार जात असतात. नागपूर केंद्राची ५८५ किलोहर्ट्‌झची मध्यमलहर आणि चंद्रपूरची १०३ मेगाहर्ट्‌झची एफएम लहर ऊर्जानगरच्या कोणत्याही क्वार्टरमध्ये, झोपलेल्या माणसाच्याही शरीरात असतात. शरीर वीजवाहक असल्याने ते थोडेफार एरियलचे कामही करते. ट्रान्झिस्टरची काडी बोटात धरल्यावर खरखर कमी होते हे अनेकांनी अनुभवले आहे. उणीव पुढच्या टप्प्यांची आहे. अनेक लहरींतून एक निवडणे, तिच्यावर स्वार झालेला आवाज वेगळा काढणे आणि त्या दुबळ्या विद्युतप्रवाहाने काहीतरी हलवून ध्वनी निर्माण करणे, यांपैकी एकही गोष्ट शरीराला आपली आपण जमत नाही.

दुसरा टप्पा बॅटरीशिवाय पार पडू शकतो. जगदीशचंद्र बोस यांना गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारलेल्या लहर-शोधकाचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. त्याच जातीच्या स्फटिकांवर पुढे घरोघरी बिनबॅटरीचे क्रिस्टल रेडिओ चालले. लहरीतून मिळेल तेवढ्याच ऊर्जेवर ते बोलत. मात्र त्यांना छपरावरून ताणलेली लांब तार आणि जमिनीत गाडलेली अर्थिंग लागे. दाढेत ती तार मावत नाही. शिवाय साधा स्फटिक लहरीच्या उंचीतला चढउतार तेवढा उलगडतो आणि एफएमचा आवाज लहरीच्या कंपनसंख्येत दडलेला असतो. तेव्हा बिनबॅटरीची दाढ कधी बनलीच, तर तिला दीडशे किलोमीटरवरचे नागपूर ऐकू येण्याची थोडीफार आशा धरता येईल. गावातले चंद्रपूर केंद्र मात्र तिच्यापुढे मुकेच राहील.

भारतात रेडिओ बाळगायला परवाना लागत असे तेव्हा असे रोपण अस्तित्वात नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याच्या अमलात लोक दरवर्षी पोस्टात शुल्क भरून पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून घेत. ही सक्ती १९८० च्या दशकात उठली. दाढेतला संच तपासणीसाला कसा दाखवायचा, हा प्रश्न टळला.

दातांचा किस्सा आणि दातांचे शास्त्र : दाढेत भरलेल्या चांदीतून रेडिओ ऐकू आल्याच्या कथा जगभर सांगितल्या जातात. त्यांतली सर्वांत गाजलेली अमेरिकी अभिनेत्री ल्युसिल बॉल हिची. १९४२ मध्ये मोटार चालवताना आपल्या तोंडात संगीत वाजू लागले, असे ती सांगत असे. दोन धातू आणि लाळ यांच्या सांध्यातून स्फटिकासारखी क्रिया होऊ शकते, एवढा शास्त्राचा धागा या कथेत आहे. पण त्या क्षीण प्रवाहाने दात हलवणार कोण, याचे उत्तर कथा देत नाही. किस्सा म्हणून ती फर्मास आहे. पुरावा म्हणून लंगडी.

दाताने ऐकणे मात्र खरे आहे. जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून कंपने थेट अंतर्कर्णापर्यंत पोचतात. विज्ञानकथांच्या मासिकांचे आद्य संपादक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२० च्या दशकात ऑसोफोन नावाचे, दातांत धरून ऐकायचे साधन केले होते. पुढे १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये हाडात स्क्रू रोवून त्यावर श्रवणयंत्र बसवण्याची पद्धत निघाली आणि ती आजही वापरात आहे. २००२ मध्ये लंडनच्या जेम्स ऑगर आणि जिमी लोइझो या दोघा डिझायनरांनी दाढेत बसवायच्या दूरध्वनीची संकल्पना मांडली. टाइम साप्ताहिकाने तिला त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांत स्थान दिले; जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती जवळजवळ तयार वस्तू म्हणूनच छापली. चालणारी दाढ कोणाच्याच तोंडात नव्हती. लोक अशा गोष्टीवर किती चटकन विश्वास ठेवतात हे त्या प्रकरणाने दाखवून दिले आणि कर्त्यांनाही चर्चाच घडवायची होती.

संचाशिवाय लहर ऐकू येण्याचा एक सिद्ध प्रकार आहे. ॲलन फ्राय यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखवले, की रडारसारख्या तुटक स्पंदांच्या सूक्ष्मलहरी डोक्यावर पडल्या तर टिकटिक किंवा गुणगुण ऐकू येते. डोक्यातल्या ऊतींचे तापमान अंशाच्या लक्षांशाएवढे वाढून त्या किंचित प्रसरण पावतात आणि तो धक्का अंतर्कर्णाला कळतो. मध्यमलहरीच्या किंवा एफएमच्या अखंड प्रक्षेपणाला हे लागू पडत नाही.

डोक्यात रेडिओ बसवला आहे, ही तक्रार : ‘कोणीतरी माझ्या कानात, दातात किंवा मेंदूत यंत्र बसवले आहे आणि ते सतत बोलते’ असे सांगणारी माणसे मानसोपचारतज्ज्ञांच्या ओळखीची आहेत. व्हिएन्नाचे व्हिक्टर टाऊस्क यांनी १९१९ मध्येच अशा ‘प्रभाव पाडणाऱ्या यंत्रा’विषयी लिहिले होते. काळानुसार यंत्र बदलते, तक्रार तीच राहते. ऐकणाऱ्याला तो आवाज खराखुरा ऐकू येत असतो, त्यामुळे एक्स-रे काढून ‘बघ, काही नाही’ म्हटल्याने त्याचे समाधान होत नाही. थट्टा केल्याने तो उपचारापासून आणखी लांब जातो. पुष्कळदा घरचे आधी देवऋष्याकडे नेतात आणि त्यात महिने जातात. वास्तविक असे आवाज ऐकू येण्याचा हा आजार औषधांनी बराच आटोक्यात येतो. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय विदर्भासाठी आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोनवरूनही सल्ला मिळतो.

खरे रोपण : श्रवणतंत्रिकेला विजेने चेतवून ध्वनीची जाणीव देण्याचा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये जूर्नो आणि एयरिएस यांनी १९५७ मध्ये केला. अनेक वाहिन्यांचे रोपण व्हिएन्नात १९७७ मध्ये आणि मेलबर्नमध्ये ग्रेअम क्लार्क यांनी १९७८ मध्ये केले. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रणी. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

रचना पाहिली तर हे उपकरण म्हणजे काही मिलिमीटर पल्ल्याचे प्रक्षेपण केंद्रच आहे. कानामागे अडकवलेला प्रोसेसर मायक्रोफोनमधून आवाज घेतो, त्याचे संकेत बनवतो आणि चुंबकाने डोक्याच्या कातडीला चिकटलेल्या चकतीतून रेडिओलहरींनी आत धाडतो. कातडीखालच्या भागात बॅटरी नसते. संकेत आणि वीज दोन्ही त्याच लहरीतून मिळतात, जुन्या क्रिस्टल रेडिओप्रमाणे. एका कंपनीची लहर ५ मेगाहर्ट्‌झची, दुसरीची १२, तिसरीची ४९. म्हणजे नागपूरची मध्यमलहर आणि चंद्रपूरची एफएम यांच्या अधेमधे. आतला भाग आपल्याच प्रोसेसरचे संकेत ओळखतो, इतर सगळे त्याला निरर्थक. तेथून बारीक तारेवरचे इलेक्ट्रोड, रचनेनुसार १२ ते २२, शंखाकृती अंतर्कर्णात शिरून तंत्रिकेला चेतवतात.

कल्पित रोपणाच्या भक्तांना जो भाग नकोसा वाटतो, तोच इथे सर्वांत शहाणपणाचा आहे : यंत्राचा मेंदू बाहेर ठेवला आहे. चकती काढली की पूर्ण शांतता. मुले झोपताना आणि आंघोळीला ती काढून ठेवतात, प्रोसेसर जुना झाला तर शस्त्रक्रियेशिवाय नवा लावता येतो. बातम्या, जाहिराती आणि भजने यांपैकी काहीच बंद करता न येणारी दाढ कोणाला हवी असेल, हे कळत नाही.

ऊर्जानगरमधली अडचण : उच्च दाबाच्या तारांभोवती हवेत सूक्ष्म विद्युतविसर्ग होतो आणि मध्यमलहरीचा रेडिओ खरखरतो, एसी वाहिन्यांखाली पावसात अधिकच. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी ±५०० किलोव्होल्टची, सुमारे ७५० किलोमीटरची एकदिश वाहिनीही याच परिसरातून निघते. रोपणवाल्या माणसाची गंमत वेगळी. त्याच्या प्रोसेसरमध्ये टेलिकॉइल (चुंबकी क्षेत्र टिपणारे वेटोळे) असली आणि ती चालू असली, तर ट्रान्सफॉर्मरपाशी त्याला ५० हर्ट्‌झच्या विजेची घरघर थेट डोक्यात ऐकू येते. शेजारी उभ्या असलेल्याला त्यातले काही कळत नाही. म्हणजे कोणत्याही संचाशिवाय ऊर्जानगर जे ‘प्रक्षेपित’ करते ते ऐकणारा माणूस खरोखर असू शकतो. कार्यक्रम मात्र एकच असतो.

टर्बाइन फ्लोअर, कोल मिल, आयडी फॅन इथल्या आवाजाने होणारे बहिरेपण हा निराळा विषय. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. अशा कामगाराला बहुधा श्रवणयंत्राने भागते. रोपणाची वेळ क्वचित येते. कानावरचा इअर मफ त्याआधीचा उपाय, आणि उकाड्यात तोच सर्वांत आधी खुंटीला जातो.

चंद्रपूरचा उन्हाळा रोपणालाही मानवत नाही. घामाने मायक्रोफोन निकामी होऊ शकतो, म्हणून रात्री प्रोसेसर सिलिका जेलच्या डबीत ठेवावा लागतो. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या घसरगुंडीवर अंगात स्थिर वीज साठते आणि तिच्या झटक्याने प्रोसेसरमधली जुळणी बिघडू शकते. म्हणून बागेत मुलाला घसरगुंडीवर सोडण्याआधी प्रोसेसर काढून घेतात.

योजना आणि अंतर : केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी हे रोपण आले, तेव्हाची मर्यादा प्रति मूल ६ लाख रुपये आणि वय पाच वर्षांपर्यंत. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिची समन्वयक. वयाची अट मेंदूमुळे आहे : पहिल्या काही वर्षांत आवाज पोचला नाही तर भाषेची वाट बुजत जाते. शेजारच्या गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत गाडी इथेच अडते. बाळाच्या पाठीमागे थाळी वाजवून बघतात, ते वळते आणि घरचे निश्चिंत होतात. बाळ जमिनीच्या हादऱ्याने किंवा हलत्या सावलीनेही वळलेले असू शकते. शंका येईपर्यंत तीन-चार वर्षे उलटतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, तिचे मोल इथे कळते.

शस्त्रक्रियेने काम संपत नाही, सुरू होते. प्रत्येक इलेक्ट्रोडचा जोर मुलागणिक ठरवण्याला ‘मॅपिंग’ म्हणतात आणि त्यासाठी नागपूरसारख्या शहरात पुन्हापुन्हा जावे लागते. नंतर वर्ष-दोन वर्षे स्पीच थेरपी. ती मराठीतून आणि घरी बोलणे माडिया किंवा गोंडी, असे असेल तर मुलाने नेमके कोणत्या भाषेत ऐकायला शिकायचे, हे थेरपिस्टला आधीच आई-वडिलांशी बोलून ठरवावे लागते. रोपण हा एकच मार्ग आहे असेही नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात मूकबधिर विद्यालय आहे, आणि खुणांच्या भाषेत वाढलेले मूल ‘अर्धे राहिलेले’ नसते.

अनेक प्रोसेसरना ६७५ क्रमांकाच्या झिंक-एअर बटण-बॅटऱ्या लागतात. त्या दोन-तीन दिवसांत संपतात आणि पाकिटाचा स्टिकर काढला की वापर असो-नसो उतरू लागतात. तालुक्याच्या दुकानात त्या सहसा नसतात. गडचिरोलीतल्या भामरागडकडची पावसाळ्यात पुराने तुटणारी वाट लक्षात घेता, जूनच्या आधी चार महिन्यांची पाकिटे घरात भरून ठेवणे हा तिथल्या पालकांसाठी पहिला सल्ला ठरतो.