ब्रुनो, ताई आणि रॉटवाइलचे खाटीक

गेला आठवडा ऑफिसात रिलीज होतं, त्यामुळे लिहायला वेळ मिळाला नाही. आज शनिवार, चहा झालाय, खाली ब्रुनो भुंकतोय आणि विषयही तोच आहे.

ब्रुनो म्हणजे आमच्या घरमालकांचा रॉटवायलर. दिघीत आमच्या भागात फौजेतून निवृत्त झालेली बरीच मंडळी बंगले बांधून राहिली आहेत, आमचे काका त्यातलेच. खाली ते आणि काकू, वर भाड्याने मी, आणि फाटकापासून जिन्यापर्यंतच्या जागेचा मालक ब्रुनो. वजन पन्नास किलोच्या आसपास. पहिले पंधरा दिवस मी जिना चढताना रामरक्षा म्हणत होतो. आता तो माझ्या बुटांचा वास घेतो आणि कंटाळून निघून जातो.

प्रश्न आला तो ताईमुळे. ती सुट्टीत आठ दिवस राहायला येणार होती, सोबत चार वर्षांचा भाचा. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तो कुत्रा लहान पोरांना चालतो का?" मी म्हटलं, "अगं, खूप शांत आहे." ती म्हणाली, "तुला चालतो ते कळलं. तू अठ्ठावीसचा आहेस."

याला उत्तर नव्हतं. मग आमच्यासारखे लोक जे करतात ते केलं. दोन रात्री वाचत बसलो.

सुरुवात सरकारी कागदापासून केली. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं, की पिटबुल, रॉटवायलर, केन कॉर्सो वगैरे तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री बंद करा. ही यादी एकदा नीट वाचाच. तिच्यात 'तोसा इनू' आहे आणि पुढे 'जपानी तोसा' पण आहे. एकच कुत्रा दोनदा! आमच्याकडे कोणी असा डेटा टाकला असता तर रिव्ह्यूमध्येच परत आला असता. डोबरमन मात्र यादीत नाही, जर्मन शेफर्डही नाही. महिन्याभरात, एप्रिल 2024 मध्ये, आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द केलं, कारण ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणंच ऐकून घेतलं नव्हतं. म्हणजे कायदेशीरदृष्ट्या ब्रुनो सुटला. पण ताईचा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच.

मग या जातीच्या इतिहासात शिरलो. आणि इथे खरी मजा आहे.

रॉटवाइल हे दक्षिण जर्मनीतलं जुनं गाव, मूळ रोमन वसाहत, इसवी सन 73 च्या सुमाराची. पुढे ते गुरांच्या बाजाराचं ठिकाण झालं. खाटीक लांबून गुरं विकत घेऊन पायी हाकत आणायचे आणि त्यासाठी एक दणकट कुत्रा पाळायचे. खाटकाचा कुत्रा असंच त्याला म्हणत. परतीच्या वाटेवर पैशाची थैली याच्या गळ्यात बांधायचे अशीही कथा सांगतात. कोणाची हिंमत आहे ती सोडवायची? त्या काळचं एटीएमच म्हणा :)

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, रस्त्याने गुरं हाकणं बंद झालं आणि कुत्र्याचं काम गेलं. 1882 साली हाइलब्रॉनच्या प्रदर्शनात या जातीचा एकच नमुना आला होता आणि तोही बेताचा, अशी नोंद आहे. जात संपायचीच, पण पोलिसांना हा कुत्रा आवडला आणि 1910 मध्ये त्याला पोलिसी कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. 1976 च्या 'द ओमेन' सिनेमात तो सैतानाचा राखणदार झाला आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेत वर्षाला लाखभर रॉटवायलर नोंदवले जाऊ लागले. एवढी मागणी आली की पैदास कोण करतो आणि कशी करतो हे बघायला कोणाला सवड असते? आपल्याकडेही आता पिल्लू इन्स्टाग्रामवर मिळतं. त्याची आई कशी होती, कोणाला माहीत नसतं.

यातून मला एक गोष्ट कळली. हा मुळात गुरं हाकणारा कुत्रा आहे आणि तो गुरं हाकायचा ती अंगाने रेटून. ब्रुनो काकांच्या पायाला असाच टेकतो, लाडाने. काका सहा फूट आहेत. भाचा तीन फूट. चावण्याचा प्रश्न नंतर येतो. नुसता लाडात आला तरी पोरगं फरशीवर.

डोबरमनची गोष्ट उलटी आहे. आपोल्डा गावचा कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन करवसुली करायचा आणि गावातले मोकाट कुत्रे पकडण्याचं कामही त्याच्याकडे होतं असं सांगतात. त्याने सोबतीला मुद्दाम तिखट कुत्रा घडवला. म्हणजे एक गुरांसाठी, दुसरा माणसांसाठी. आपण दोघांनाही 'राखणीचा' म्हणून मोकळे होतो.

आणखी एक गंमत. 'खतरनाक' कुत्रा दर पिढीत बदलत आलाय. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ब्लडहाउंडला लोक घाबरायचे. 1920 च्या दशकात ऑस्ट्रेलियाने अल्सेशियनच्या आयातीवर बंदी घातली, ती थेट सत्तरच्या दशकात उठली. (अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्डच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना 'जर्मन' शब्द नको होता म्हणून बारसं पुन्हा केलं. आमचे बाबा अजून अल्सेशियनच म्हणतात.) मग डोबरमन, मग पिटबुल, मग रॉटवायलर. ब्रिटनने 1991 मध्ये चार प्रकारांवर कायदा केला आणि 2023 च्या शेवटी त्यात एक्सएल बुली घालावा लागला. नेदरलँड्सने पिटबुलवर घातलेली बंदी 2008 मध्ये मागे घेतली, चावण्याचं प्रमाण काही कमी झालं नव्हतं.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. 'जात काही नसते, सगळं संस्कारांवर' असं ताईला ठणकावून सांगणार होतो. मग अमेरिकेतला 2000 साली आलेला अभ्यास वाचला. 1979 ते 1998 या वीस वर्षांत कुत्र्याच्या हल्ल्यात झालेले 238 मृत्यू, निदान पंचवीस जाती, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पिटबुल-प्रकार आणि रॉटवायलर यांच्यामुळे. आता लेखक स्वतःच म्हणतात की कोणत्या जातीचे एकूण कुत्रे किती हे माहीत नसल्यामुळे यावरून धोक्याचा दर काढता येत नाही. बरोबरच आहे, छेदच नाही तर अपूर्णांक कसला? 2022 साली 'सायन्स'मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीने समजावता येतो असं निघालं. तरीही 238 हा आकडा डोक्यातून जाईना. स्वभाव जातीवर फार ठरत नसेल, पण जबडा आणि वजन ठरतंच. दहा हजार वेळा शांत राहिलेला कुत्रा एकदा बिघडला तर तो किती किलोचा आहे यावर पुढचं सगळं अवलंबून. अर्थात लहान बाळाच्या बाबतीत तेही खरं नाही. 2000 सालीच लॉस एंजलिसकडे सहा आठवड्यांचं बाळ गेलं ते पोमेरेनियनमुळे.

आपल्याकडे काय? कुत्र्यावर जीव टाकायची परंपरा आहेच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. (रायगडच्या वाघ्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, कॉमेंट्समध्ये भांडणं नकोत.) पण मला जास्त आठवले ते धनगर. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात त्यांचा वाडा उतरतो. घोड्यावर बिऱ्हाड, मेंढ्यांभोवती वाघर आणि बाहेर कुत्री, लांडग्यासाठी. तान्ही पोरं तिथेच झोपतात. पण तो कुत्रा रात्री जागतो, दिवसा चालतो, त्याला काम असतं. ब्रुनोला आठ बाय वीसचं अंगण आहे आणि स्विगीवाले.

शेवटी उत्तर मिळालं ते आईकडून. तिच्या डाव्या हातावर वण आहे. कुत्रा चावला होता एवढंच मला माहीत होतं. या वेळी नीट विचारलं. ती पाच वर्षांची, कुत्रा घरचाच, मोती, अगदी गावठी. ती जन्मल्यापासून सोबत. तो भाकरी खात होता, हिने गंमत म्हणून ओढली. बस. मग पोटात चौदा इंजेक्शनं. तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस द्यायचे, भारतात ती 2005 च्या सुमारास बंद झाली. "मोतीचं काय केलं?" मी विचारलं. आई म्हणाली, "काय करणार? दहा दिवस बांधून ठेवला, बघितलं पिसाळतोय का. मग सोडला. चूक माझी होती." पाच वर्षांच्या मुलीची चूक!

आणि वाचलेल्या सगळ्यात हेच पुन्हा पुन्हा येत होतं. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, घरातच चावतो, आणि खाताना, झोपेत किंवा गळ्यात पडल्यावर चावतो. मुलांच्या बाबतीत चावा चेहऱ्यावर बसतो, कारण चेहरा त्याच उंचीला असतो.

मग मी खाली गेलो. काकांना हे कसं विचारायचं याची दोन दिवस तालीम केली होती. त्यांचा ब्रुनो म्हणजे त्यांचा मुलगा, वाईट वाटेल. "काका, भाचा येतोय," एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "माहितीय, काकू म्हणाली. जिन्याच्या तोंडाला जाळीचं दार सांगितलंय. बुधवारी बसेल." मी बघतच राहिलो. "आणि हे बघ," ते म्हणाले, "मी असल्याशिवाय पोराला अंगणात आणायचं नाही. ब्रुनो चांगला आहे असं कोणी म्हटलं तरी नाही. मी म्हटलं तरी नाही."

दार गुरुवारी बसलं. ताईला फोटो पाठवला. तिने कडी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं, मग उंची विचारली आणि शेवटी तिकीट काढलं. ब्रुनोच्या जेवणाच्या वेळा सकाळी सात आणि संध्याकाळी सात. फ्रिजवर लिहून ठेवल्यात.