माकडं तीच, जाती किती?

ॲमेझॉनच्या जंगलात टीटी नावाचं माकड आहे. वजन साधारण किलोभर. जोडीनं राहतात, शेपटीत शेपटी गुंफून फांदीवर बसतात. यांच्या जाती किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. आणि हा वाद फक्त म्युझियमपुरता नाहीये.

1852 सालचा आल्फ्रेड वॉलेस आठवा. चार वर्षं ॲमेझॉनमध्ये घालवून परतताना भर समुद्रात जहाज पेटलं, सोबतचा संग्रह गेला. त्याच डिसेंबरात त्यानं लंडनमध्ये तिथल्या माकडांवर निबंध वाचला. मुद्दा असा की मोठ्या नद्या म्हणजे कुंपणं. या काठाची काही माकडं त्या काठाला सापडतच नाहीत. स्थानिक शिकाऱ्यांना हे आधीपासून पक्कं ठाऊक होतं, हे त्यानंच लिहून ठेवलंय. (श्रेय कोणाला मिळालं, ते सांगायला नको.) पण संग्रहालयातल्या कातड्यावर नुसतं 'ॲमेझॉन' लिहिलेलं असेल, तर काठ कुठला हे कळणार कसं?

पुढे शिकागोच्या फील्ड म्युझियमचे फिलिप हर्शकोविट्झ आले. 1963 मध्ये त्यांनी ॲमेझॉन-ओरिनोको खोऱ्यातल्या सगळ्या टीटींना दोनच जातींत बसवलं. 1990 मध्ये त्याच माणसानं टीटींच्या एकूण 13 जाती मानल्या! 2002 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी आकडा 28 वर नेला. त्यातल्या बहुतेक आधीच्या उपजातीच होत्या, बढती मिळालेल्या. टीकाही झाली, की रंग थोडा वेगळा दिसला म्हणून जात वेगळी कशी? टीका अगदीच चुकीची नव्हती. नंतर डीएनए तपासणी आली आणि 2016 मध्ये तर टीटींचे तीन वंश केले गेले.

मग फरक काय पडतो? सांगतो. अर्ध्या ॲमेझॉनभर पसरलेली एकच जात मानली, तर एका कोपऱ्यातलं जंगल तुटलं तरी कागदावर 'जात सुरक्षित'. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात जुरुएना आणि तेलेस पिरेस नद्यांच्या मधल्या टीटींना 2019 मध्ये वेगळी जात म्हणून नाव मिळालं, ग्रोव्हसी. भाग नेमका जंगलतोडीच्या पट्ट्यातला, गुरं आणि सोयाबीनचा. नाव मिळाल्यावर काही वर्षांतच ही जात जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त 25 प्रायमेट्सच्या यादीत जाऊन बसली. माकडं तिथे आधीपासून होतीच, मोजणीत नव्हती.