भिंतीआडची धार : गळती ऐकण्याचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात पाणी येत नाही, ‘नळ येतात’. कुठे एक दिवसाआड, कुठे आठवड्याने, आणि उन्हाळा कडक असला की त्याहूनही उशिरा. नळ आले की टाकी, हंडा, बादली, जे हाती लागेल ते भरून घ्यायचे, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अशा घरात एखादी भिंत नळ गेल्यानंतरही ओली राहते. गिलावा फुगतो, त्यावर पांढरा लोणा चढतो, फरशीच्या सांध्यातून चार दिवसांनी दमट वास येऊ लागतो. थेंब दिसत नाही, आवाज येत नाही, पाणी मात्र जात असते.

ही अदृश्य धार शोधण्याच्या विद्येला सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा अशा एका शहरात घडला, जिथे त्या काळी नळ ठरावीक तासांपुरतेच येत. ते शहर म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूल. तिथे पोहोचण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

नळ नव्हते तेव्हा गळतीला लपायला जागा नव्हती. घागर घेताना कुंभाराच्या ओट्यावरच तिला टिचकी मारली जाई. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर तडकलेली. गळती कानाने ओळखण्याचा हा सर्वांत जुना घरगुती प्रयोग म्हणता येईल. सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या परिसरातील मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव पाहिली, तर त्या काळचे पाणी किती उघड्यावर होते हे ध्यानात येते. बारवेच्या किती पायऱ्या कोरड्या पडल्या, यावरून पाण्याचा हिशेब पोरालाही कळत असे.

जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोदपलीकडे, बऱ्हाणपूर लागते. तेथील कुंडी भंडारा ही १६१५ च्या सुमाराची रचना याच्या अगदी उलट वाटेने जाते. सातपुड्याच्या खडकातून झिरपणारे पाणी शंभरावर कुंड्या आणि त्यांना जोडणारे भुयार यांत गोळा करून ते शहराला पुरवले जाई. डोंगराची गळती हाच तिथे पुरवठा होता!

पाणी बंद नळात शिरले आणि प्रश्न बदलला. लखुजींच्याच काळात, १६१७ च्या आसपास, मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर आणली. जमिनीखालचे कालवे, खापरी नळ आणि वाटेत उभे केलेले ‘बंबे’, अर्थात हवा बाहेर सोडणारे व दाब सांभाळणारे मनोरे, अशी तिची रचना. नळात दाब आला की प्रत्येक सांधा ही संभाव्य गळती ठरते, आणि ती मातीखाली असते.

रोमनांना ही अडचण कितीतरी आधी ठाऊक होती. विट्रुव्हियस या वास्तुविशारदाने नव्या नळाबद्दल एक गमतीदार सूचना देऊन ठेवली आहे : पहिल्यांदा पाणी सोडताना त्यात राख मिसळावी, म्हणजे सांध्यांत कुठे बारीक फट राहिली असेल तर राख वाहत जाऊन तीत बसते. पुढे इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी फ्रंटायनसकडे आली. त्याने वेगळी वाट धरली. किती पाणी आत येते आणि किती वाटले जाते, याची त्याने नोंदवह्यांशी पडताळणी केली. आकडे जुळेनात. शोध घेता रस्त्यांखालून जागोजागी चोरून जोडलेले नळ सापडले. गळतीचा माग काढायला आधी मापन हवे, हे या रोमन अधिकाऱ्याने दाखवून दिले. परंतु ‘पाणी कमी पडते’ यापासून ‘अमुक घराच्या अमुक नळात गळती आहे’ इथपर्यंतचे अंतर कापायला आणखी अठरा शतके लागली.

आता लिव्हरपूल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बंदराच्या शहरात माणसे वाढली, पाणी पुरेनासे झाले, आणि चोवीस तास चालणारा पुरवठा ठरावीक तासांवर आणावा लागला. नवे धरण बांधावे, असा सहज सुचणारा उपाय होताच. मात्र शहराचा अभियंता जॉर्ज डीकन याने वेगळाच प्रश्न विचारला : पाणी खरोखर कमी आहे, की घराघरांत वाया जात आहे?

१८७३ मध्ये त्याने एक मापक तयार केला. उभ्या, निमुळत्या नळीत एक चकती तारेला टांगलेली, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारे वजन. पाण्याचा प्रवाह जितका जोराचा, तितकी चकती खाली ढकलली जाई. तारेला जोडलेली पेन्सिल घड्याळावर फिरणाऱ्या कागदी नळकांड्यावर रेघ उमटवी. दिवसभर ही रेघ वरखाली नाचे, कारण लोक पाणी वापरत. खरी गंमत रात्रीची होती. मध्यरात्रीनंतर सारे झोपलेले असताना रेघ शून्यावर यायला हवी. ती येत नसे. शून्यापासून जितकी दूर ती अडून राही, तितकी त्या वस्तीची गळती.

मग तपासनीस बाहेर पडत. त्यांच्या हातात रस्त्यावरील तोट्या बंद करण्याची लांब लोखंडी चावी असे. एकेका घराची तोटी बंद करायची आणि वेळ टिपून ठेवायची. बंद करण्यापूर्वी चावीचे एक टोक तोटीवर व दुसरे कानाला लावून ऐकायचे. दाबाखालचे पाणी बारीक छिद्रातून निसटताना सूं-सूं असा सलग आवाज करते, आणि तो लोखंडातून कानापर्यंत येतो. सकाळी कागदावरची रेघ व तपासनिसाची वही शेजारी ठेवत. पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी रेघ एकदम खाली आली असेल, तर त्या मिनिटाला ज्या घराची तोटी बंद झाली, तिथेच गळती. घरातल्या माणसांना जाग येण्याआधीच त्यांच्या भिंतीतले रहस्य शहराला कळलेले असे. गळती आटोक्यात आल्यावर लिव्हरपूलला पुन्हा अखंड पुरवठा देता आला. डीकनने पुढे वेल्समध्ये व्हिर्नवीचे मोठे धरणही उभारले, पण त्याची खरी मातब्बरी या रेघेत आहे.

या पद्धतीच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत. रात्री नळात दाब असला पाहिजे, आणि त्या वेळी कोणी पाणी वापरता कामा नये. भारतातील बहुतेक शहरांत विसाव्या शतकात पुरवठा तासांवर आला आणि ही दोन्ही गृहीतके कोसळली. बुलढाणा शहराला येळगाव धरणाचे पाणी मिळते, खामगावला ज्ञानगंगेवरील गेरू माटरगाव धरणाचे. वाटप मात्र पाळीने होते. नळ येतात तेव्हा प्रत्येक तोटी उघडी असते, सगळी गल्ली एकाच वेळी भरून घेत असते. त्या कोलाहलात गळतीची रेघ वेगळी काढायची कशी? आणि नळ गेले की गळतीही गप्प बसते. शांतता असते तेव्हा पाणी नसते, पाणी असते तेव्हा शांतता नसते.

यात एक धोकाही दडलेला आहे. दाबाखाली छिद्रातून पाणी बाहेर जाते. दाब संपला की त्याच छिद्रातून भोवतालचे घाण पाणी आत येऊ शकते. हुबळी-धारवाडमध्ये २००८ च्या सुमारास काही भागांत अखंड पुरवठा सुरू झाला. पाळीने पाणी मिळणाऱ्या भागांशी त्यांची तुलना झाली, तेव्हा पाळीच्या पाण्यात दूषितता अधिक वेळा आढळली, विशेषतः नळ आल्याबरोबर येणाऱ्या पहिल्या धारेत. घरातील ओलसर भिंत म्हणूनच निव्वळ रंगाच्या खर्चाची बाब नाही. कराडजवळच्या मलकापूरने (बुलढाण्याच्या मलकापूरशी फक्त नावाचे नाते) घरोघर मापक बसवून अखंड पाणी दिले, ते याच वाटेने.

तरीही बुलढाण्याच्या घरात डीकनची रात्र शिल्लक आहे. ती गच्चीवर आहे. प्लास्टिकची काळी टाकी एकदा भरली की तिच्याखालच्या सर्व नळांना चोवीस तास दाब मिळतो. रस्त्यावरच्या जलवाहिनीला जे जमत नाही, ते घरापुरते ही टाकी करून दाखवते. शिवाय रात्री वरून नवे पाणी येत नाही, त्यामुळे हिशेबही बिघडत नाही. दहा वाजता टाकीतल्या पातळीची खूण करायची, पहाटे कोणी तोटी उघडण्याआधी पुन्हा पाहायचे. १ मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १ सेंटीमीटर उतरणे म्हणजे सुमारे ८ लिटर पाणी गेले. दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडाशी असलेला वॉल्व्ह बंद ठेवायचा. तरीही पातळी उतरली तर टाकीच फुटकी. न उतरल्यास तिसऱ्या रात्री फक्त न्हाणीघराची शाखा बंद, चौथ्या रात्री स्वयंपाकघराची. शौचालयाच्या फ्लश टाकीत रंग टाकून तो भांड्यात उतरतो का, हेही पाहता येते. मिनिटाला एक कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर, पाणी झिरपले तर दिवसाला २८८ लिटर होतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. म्हणजे पाच माणसांचा वाटा भिंत पिते.

गळती आहे हे कळले, तरी जागा सापडेलच असे नाही. या जिल्ह्याचे दोन भाग लोक स्वतःच करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. दोन्हीकडे पाणी वेगळे वागते. घाटावर मुरुमाखाली तडे गेलेला काळा पाषाण आहे. पाणी एका तड्यात शिरून भलत्याच घराच्या पायाशी उगवते, आणि दोन शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाण्याने फुगते, आणि या हालचालीत पुरलेला नळ वाकतो, जोड सुटतो. सुटलेल्या जोडाचे पाणी ती माती मुकाट्याने पिऊन टाकते, वर ओलही दिसू देत नाही.

पण त्याच खोऱ्यातील खारपाणपट्ट्याने एक साधन देऊ केले आहे. तिथले भूजल खारे, नळाचे पाणी गोडे. भिंतीच्या बुडाशी साचलेले पाणी बरेच गोडे निघाले, तर ते जमिनीतून वर आलेले नसून नळातून निसटलेले असण्याची शक्यता वाढते. क्षार मोजणारे लहान यंत्र हे क्षणात सांगते. दुसरी खूण क्लोरिनची. गावाचा जलसुरक्षक ज्या ओटी चाचणीने पिण्याचे पाणी तपासतो, तीच झिरपलेल्या पाण्यावर करता येते. पिवळा रंग आला तर पाणी नळाचे. रंग न आल्याने मात्र नळ निर्दोष ठरत नाही, कारण मातीतून जाताना क्लोरिन उडून जाते.

जागा नेमकी करण्याचे काम अजूनही आवाजाचेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डीकनच्या तपासनिसाचा एक कान दोन झाला. नळाच्या दोन टोकांना दोन संवेदक लावायचे आणि गळतीचा आवाज दोन्हींकडे पोहोचण्यातील फरक मोजायचा. समजा टोकांमधील अंतर १०० मीटर, लोखंडी नळात आवाजाचा वेग सेकंदाला १२०० मीटर, आणि फरक सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका. तेवढ्या वेळात आवाज २४ मीटर जातो. १०० मधून २४ वजा करून निम्मे केले की ३८. ज्या टोकाला आवाज आधी आला, तिथून ३८ मीटरवर खणायचे. प्लास्टिकच्या नळात आवाज मंद चालतो व लवकर विरतो, त्यामुळे आजच्या घरांत हे यंत्र पुष्कळदा चाचपडते. अनुभवी प्लंबर मग लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतो आणि घरच्यांना पंखा बंद करायला सांगतो.

खूण झाली की फरशी फुटते, खड्डा खणला जातो, जोड बदलला जातो. टाकीखालचा नळ असेल तर वॉल्व्ह उघडून लगेच पाहता येते. रस्त्यावरून घरात येणारा नळ असेल, तर खड्डा तसाच उघडा ठेवून त्यावर फळी टाकतात. जोड खरोखर बसला की नाही, हे नळ येतील त्या दिवशीच कळायचे.