तपासणीपुढचा रकाना

वर्गाबाहेर रांग लागायची. वजनकाटा, भिंतीवर आखलेली उंचीची पट्टी, मग डॉक्टरांसमोर जीभ बाहेर काढायची. ते बोटाने खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहायचे, नखं बघायचे, दात बघायचे. शेवटी एक डोळा झाकून सहा मीटरवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची. शाळेत गेलेल्या पुष्कळ मराठी माणसांना हे आठवतं. या पाच-दहा मिनिटांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

सुरुवात कर्वेनगरपासून करावी, असं मला वाटतं. आजचं हे गजबजलेलं उपनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचा आश्रम आधी पुणे शहरात होता. शहराला प्लेगने घेरलं आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत हलवावा लागला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली होती. शाळा कुठे भरायची हे इथे साथीने ठरवलं. दिवसा भरणारी शाळा आजारी मुलाला घरी धाडून मोकळी होते, तशी सोय या आश्रमाला नव्हती. तिथल्या कित्येक मुली लहान वयात विधवा झालेल्या. त्यांना धाडायचं तरी कुठे? मुलीचं पाणी, जेवण, तापातली शुश्रूषा, सगळं संस्थेच्याच अंगावर. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ आणि याच आश्रमात घडलेल्या पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ ही पुस्तकं आपण समाजसुधारणेसाठी वाचतो. मुलांच्या आरोग्याच्या अभ्यासकाने ती पुन्हा, वेगळ्या नजरेने वाचायला हवीत.

बाहेरच्या जगात हा विषय उभा राहिला तो सक्तीच्या शिक्षणामुळे. सगळी मुलं एका छपराखाली आली तेव्हा त्यांची खरूज, किडके दात, वाहणारे कान आणि उपासमार सरकारला प्रथमच एकत्र दिसली. ब्रुसेल्सने १८७४ मध्ये शाळांसाठी डॉक्टर नेमले. इंग्लंडला जाग आली ती बोअर युद्धात, भरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने नापास झाले तेव्हा. १९०७ च्या कायद्याने तिथे शालेय तपासणी बंधनकारक झाली, पण उपचार बंधनकारक झाले नाहीत. १९०९ च्या कायद्याने तर उपचाराचा खर्च पालकांकडून वसूल करायचं ठरवलं. प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या उपचाराची व्यवस्था हे स्थानिक शिक्षण मंडळांचं कर्तव्य ठरायला १९१८ उजाडलं. मुलाचा दोष शोधायचा आणि तो बरा करणं कुणाचं काम हे मात्र सांगायचं नाही, ही या क्षेत्राची सर्वांत जुनी दुखरी नस आहे. माझ्या मते साऱ्या इतिहासाचं वाचन तिथूनच व्हायला हवं.

आपल्याकडेही सक्ती आणि तपासणी हातात हात घालून आल्या. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ती पहिली मानली जाते. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक सरकारने मंजूर होऊ दिलं नाही. मूल शाळेतच नसेल तर शाळेचा डॉक्टर पाहणार कुणाला? तरीही देवी काढायला येणारा माणूस शाळेत यायचा, आणि कित्येक मुलांची सरकारी आरोग्यखात्याशी पहिली ओळख दंडावरच्या त्या व्रणाने झाली. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये लिहून ठेवलं की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. पुढे १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी खास समिती नेमावी लागली.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन जन्मजात व्यंगं, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीतला विलंब तपासतात. दोष सापडलेल्या मुलाला पुढच्या मोफत उपचारापर्यंत, गरज पडल्यास शस्त्रक्रियेपर्यंत नेण्याची जबाबदारी यात धरलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. तरीही अडचण संपलेली नाही. ‘डोळे तपासून घ्यावेत’ अशी चिठ्ठी मुलीच्या दप्तरात जाते. तिची आई चार घरची कामं करते. दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगारात कपात. चिठ्ठी वह्यांमध्ये चुरगळते आणि मुलगी पुढच्या वर्षीही फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. अभ्यासकाने पथकाचा अहवाल जरूर वाचावा, पण या आईपर्यंतही पोचावं.

साधनं अजून विखुरलेली आहेत: नगरपालिकांचे वार्षिक अहवाल, वसतिगृहांचे हिशेब, शाळांची शेरेबुकं, तपासणीची पिवळी पडलेली कार्डं. मुलांची नावं जपून, गुप्तता पाळूनच ती वापरायची. वाचताना ‘आढळलेला दोष’ या रकान्यावर थांबू नका; त्यापुढे काही लिहिलंय का ते आधी पाहा. आणि तुम्ही स्वतः शिक्षक किंवा मुख्याध्यापक असाल, तर माळ्यावरची ही जुनी दप्तरं रद्दीत घालण्याआधी एखाद्या अभ्यासकाला नक्की दाखवा.