ओळखीची खूण : गोंदलेला हात आणि दवाखान्यातली नोकरी

मंडळाच्या कामासाठी लश्करातल्या एका जुन्या मराठी घरी कागदपत्रं बघायला गेलो होतो. घरातल्या आत्याबाई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी जपून ठेवलेल्या सेवापुस्तिकेच्या पहिल्याच पानावर नाव, जन्मतारीख, उंची आणि त्याखाली ‘शरीरावरील ओळखीची खूण’ असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं : डाव्या मनगटावर गोंदण. आत्याबाईंनी हात पुढे केला. हिरवट पडलेली तुळस अजून तिथेच होती.

त्यांच्याच नात्यातला एक मुलगा त्या वेळी शेजारी बसला होता. नर्सिंग शिकलेला. निमलष्करी दलाच्या दवाखान्यातल्या जागेसाठी त्याने अर्ज केला, लेखी परीक्षा पास झाला आणि वैद्यकीय तपासणीत अडला. उजव्या हातावर त्याने मेळ्यात ‘आई’ असं गोंदवून घेतलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, “माझं गोंदण सरकारने लिहून घेतलं, आणि ह्याचं बघून ह्याला घरी पाठवलं. असं कसं रे?” हे टिपण त्या प्रश्नापायी लिहिलं आहे.

आधी गोंदणाबद्दल. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या अंगावर ते असायचंच. कपाळावर टिकली किंवा चंद्रकोर, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, कमळ, विंचू, कुणाच्या दंडावर भावाचं किंवा नवऱ्याचं नाव. गोंदणारीण दारात यायची, दिव्याची काजळी कालवायची आणि सुयांनी टोचायची. दागिना चोर नेतो, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येतं, ही समजूत पुण्यापासून ग्वाल्हेरपर्यंत सारखी. इथल्या हिंदी शेजारणी त्यालाच गुदना म्हणतात. म्हणजे ती हौस होती, तसा तो संस्कारही होता.

आता दवाखान्याकडे येऊ. मराठी बायका रुग्णसेवेत शिरल्या त्यात पुण्याच्या सेवासदनाचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने 1909 साली ते उभं राहिलं आणि थोड्याच वर्षांत तिथल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. विधवेचं कुंकू पुसलं जायचं, बांगड्या फुटायच्या, पण लहानपणी टोचलेलं गोंदण कोण पुसणार? त्या पिढीच्या हातांवर आणि कपाळांवर गोंदण इतकं सर्रास होतं, की ते नसलेल्याच बायका हव्यात असं कुणी ठरवलं असतं तर वॉर्ड रिकामे राहिले असते. तेव्हा अडचण होती ती वेगळीच : परक्या पुरुषाला शिवायचं कसं, विटाळ, घरचे काय म्हणतील. त्या भांडणात गोंदणाचा नंबरच लागत नव्हता.

उलट सरकारला ते उपयोगी पडलं. फोटो लावायची पद्धत सर्रास नव्हती, तेव्हा माणूस तोच हे ठरवायचं तर तीळ, व्रण किंवा गोंदण बघायचं. नाव बदलता येतं, सही बदलता येते, गोंदण बदलत नाही. सेवापुस्तिकेतला रकाना त्यासाठीच होता. वैद्यकीय दाखल्यांवर आणि भरतीच्या अर्जांवर ‘ओळखीच्या दोन खुणा’ आजही लिहाव्या लागतात.

सरकारने गोंदणाकडे दुसऱ्या नजरेनेही पाहिलं आहे. कंपनी सरकारच्या काळात बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव आणि गुन्हा गोंदवत. तिथे 1797 साली तसा कायदा झाला आणि 1849 मध्ये ती शिक्षा रद्द झाली. शब्द तोच, गोदना. एकीकडे तो बाईचा अलंकार, दुसरीकडे कैद्यावरचा कलंक. कागद वाचणारा जशी नजर घेऊन येतो, तसा त्या खुणेचा अर्थ होतो.

मग हवा कधी बदलली? माझ्या मते दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या. शिकलेल्या घरांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे मुलींना गोंदवणं सोडलं. ते गावंढळ वाटू लागलं, आणि आत्याबाईंच्या धाकट्या बहिणींच्या हातावर काहीच नाही. पुढे तीच गोष्ट मशीनच्या सुईने, टॅटू म्हणून परत आली. या वेळी ती रूढी राहिली नव्हती, ती आवड झाली होती. आणि आवडीला शिस्तीच्या चौकटीत रूढीइतकी माफी मिळत नाही.

हे वर्दीच्या नोकरीत स्पष्ट दिसतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीसाठी गृह मंत्रालयाने 2015 साली सूचना काढल्या. धार्मिक चिन्हं आणि नावं चालतात. पण जागा ठरलेली : डाव्याच हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू, किंवा पंज्याची मागची बाजू. आकारही त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. डावाच हात का, तर उजव्याने सलाम करतात. या दलांचे नर्स आणि कंपाउंडरही याच तपासणीतून जातात. म्हणजे आत्याबाईंची तुळस आजही पास झाली असती. मुलाचं ‘आई’ हातभर इकडे असतं, तर तोही पास होता! 2022 साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे असंच उजव्या हाताचं प्रकरण आलं, तेव्हा उमेदवाराला गोंदण काढून पुन्हा तपासणीला जायची मुभा मिळाली.

लष्कराच्या नियमात आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे जास्त सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. आपल्याच मध्य प्रदेशात दिंडोरी-मंडल्याकडच्या बैगा बायकांचं गोंदण कपाळापासून सुरू होतं. ते कुठल्या बाहीखाली झाकणार?

वैद्यकशास्त्राचं म्हणणं सरळ आहे. धोका सुईत असतो, खुणेत नसतो. एकच सुई अनेकांना वापरली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात, म्हणून ताजं गोंदण असलेल्याचं रक्त रक्तपेढ्या वर्षभर घेत नाहीत. जखम भरली की शाई कातडीच्या आतल्या थरात बसते, ती रुग्णाला लागत नाही. ब्रिटनच्या सरकारी रुग्णसेवेने तर 2007 साली जंतुसंसर्ग टाळायला कर्मचाऱ्यांचे हात कोपराखाली उघडे ठेवायला लावले. घड्याळ काढायला लागलं. गोंदण उघडं पडलं, ते पडलं.

तेव्हा आत्याबाईंच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं. गोंदणामुळे रुग्णाची सेवा कमी-जास्त होते म्हणून कुणी अडवलं, असं या इतिहासात दिसत नाही. अडवलं ते बघणाऱ्याच्या नजरेने : खूण कुणाची, कुठल्या हातावर, कुठल्या काळातली. वर्दीच्या दलाला सलामाचा हात कोरा हवा असेल, तर तो नियम निदान लिहिलेला आहे, मुलांनी मेळ्यात बसण्याआधी तो वाचावा. खासगी दवाखान्यात मात्र मुलाखतीत नुसतं “हे झाकता येईल का?” विचारतात, आणि न लिहिलेल्या नियमावर दाद मागता येत नाही.

तो मुलगा आता लेझरने ‘आई’ पुसतो आहे. एका बैठकीत जात नाही, आठवड्यांच्या अंतराने पुन्हा जावं लागतं. आत्याबाई दर वेळी त्याला विचारतात, “दुखतं का रे?” गोंदवताना आपल्याला दुखलं होतं, हे त्यांना अजून आठवतं.

वाचकांना एक विनंती. घरात कुणाची जुनी सेवापुस्तिका असेल तर तो रकाना उघडून बघा, आणि त्यात गोंदण लिहिलेलं असेल तर मंडळाला कळवा. गोंदलेले हात कमी होत चालले आहेत. ज्या घरी आहेत, तिथे नक्षीचा फोटो आणि तिचं नाव दोन्ही टिपून ठेवा.